आप्पांनी घेतलेला नारळ

जोड लावणं हे लग्न जमवण्यापेक्षा अवघड काम, असं आमचे वस्ताद म्हणायचे. लग्नाला निदान पत्रिका असते, मामा-मावश्या चौकशी करून येतात. जत्रेच्या फडात काय असतं? लंगोट लावलेली दोन पोरं पंचांपुढं उभी राहतात, पंच दंड चाचपतात, खांद्याला खांदा लावून बघतात आणि म्हणतात, होऊ द्या. झाली जोड. वजनाचा काटा नाही की काही नाही. पोरगं एकदा चुकीच्या अंगाखाली गेलं की त्याला सोडवायला कोणी मध्ये पडत नाही.

हे आज मी शांतपणे सांगतोय, पण तेव्हा हेच ऐकून माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. मी ऐन विशीत होतो. आमचं किराणा दुकान होतं, सिरसाळ्याच्या अलीकडच्या एका गावात. घर महादेवाचं भक्त, गळ्यात लिंग, चुलीवर कधी अंडंसुद्धा चढलेलं नाही. अशा घरात पैलवान निपजला याचं गावाला लई नवल. तुपातला पैलवान म्हणायचे मला. "शेंगदाणे तोलता तोलता अंग आलं बे याला," असं कोणी म्हटलं की हॉटेलात बसलेले सगळे हसायचे. मी हसायचो नाही. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता, नाकाला मिरच्या झोंबायला वेळ लागत नसे.

आमच्या वस्तादांची मान वळत नव्हती. त्यांना उजवीकडं बघायचं असलं तर अख्खं अंग उजवीकडं फिरवावं लागे, पायांसकट. दोन म्हशी होत्या त्यांच्या, सकाळी दुकानात दूध घालायला यायचे आणि आप्पांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, बोलताना असे समोरासमोर उभे राहायचे की नव्या माणसाला वाटावं, भांडण चाललंय. मान खालीही जात नसे. देवळात ते नमस्कार करायचे तो कमरेत वाकून. लहानपणापासून बघत आल्यामुळं त्यात कोणाला काही वाटत नव्हतं. पूर्वीच्या एका कुस्तीत मान गेली, एवढंच आम्हां पोरांना माहीत होतं.

जत्रेतल्या कुस्त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. सगळ्यात आधी चिल्लीपिल्ली, त्यांची कुस्ती रेवड्यांवर. मग नारळावरच्या कुस्त्या. मग फेटा, मग स्टीलचं भांडं, मग रोख इनाम, आणि दिवस कलला की शेवटची, मानाची. पोराला या पायऱ्या किती भरभर चढवायच्या, हे वस्तादांच्या हातात. आमचे वस्ताद मला फेट्याच्या वर जाऊच देत नव्हते. घाटनांदूर झालं, सिरसाळा झालं, आजूबाजूच्या सगळ्या जत्रा झाल्या, मी एकही कुस्ती हरलो नव्हतो. आमच्या घरातल्या लाकडी पेटीत इतके फेटे साठले होते की आई त्यातल्या दोन-चार फेट्यांच्या उशांच्या खोळी शिवून मोकळी झाली. आणि माझ्याबरोबरची पोरं, ज्यांना मी तालमीत रोज पाडत होतो, ती रोख इनामाच्या कुस्त्या करून हॉटेलात भजी खात बसायची.

वस्ताद माझ्यासाठी जोड शोधायचे तीही विचित्र. एकदा डावखुरा पोरगा शोधला. एकदा असा जाडजूड आणला की तो नुसता अंगावर पडून राहायचा, काही करायचाच नाही. एकदा एक सुळसुळीत बारकं पोरगं, ते हाताला लागायला अर्धी कुस्ती गेली. मला वाटायचं, हे वस्ताद माझी थट्टा करतायत. प्रत्येक जोडीतनं मला एक वेगळी गोष्ट शिकवत होते ते, पण तेव्हा एवढी अक्कल कुठली? मी एकदा तोंडावरच विचारलं, "वस्ताद, मला कावून मागं ठेवता?"

ते अंग फिरवून माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "तू अजून पडला न्हाईस."

"म्हंजे? पडलो न्हाई म्हणूनच तर वर न्या की."

"पडल्याबिगर वर न्हाई," एवढंच बोलून ते म्हशी सोडायला गेले.

आता सांगा, याला काय म्हणायचं? जिंकणाऱ्याला मागं ठेवायचं आणि हरायची वाट बघायची. मी घरी येऊन आईपुढं थयथयाट केला. आई म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," आणि माझ्यापुढं दुधाचा तांब्या ठेवला. दूध मी रागारागात पिऊन टाकलं.

घाई एकट्या मलाच नव्हती म्हणा. तो काळच घाईचा होता. दुकानासमोर एसटीडीची काचेची खोली उभी राहिली होती. आमच्या दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या, पोत्यातला माल पाकिटात येत होता. देश उघडला, देश उघडला, असं रोज कोणीतरी पेपर वाचून सांगायचं. म्हणजे नेमकं काय उघडलं ते आप्पांना कळत नव्हतं, पण आपण मागं राहू नये एवढं कळत होतं. "आता थांबायचे दिवस गेले," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. आमच्या महादेवाच्या जत्रेनंही तेच ठरवलं होतं. वर्षानुवर्षं मानाच्या कुस्तीला चांदीचं कडं असायचं, त्या वर्षी कमिटीनं रंगीत टीव्ही ठेवला. पंचक्रोशीत बोलबाला झाला. टीव्हीच्या नावानं कडा गावाकडचा एक नामी पैलवान यायला तयार झाला, आणि मग कमिटीला प्रश्न पडला की त्याच्यापुढं आपल्या गावचं कोण उभं करायचं. बाहेरच्या दोघांची कुस्ती बघायला लोक येतात, पण गावचा गडी असला की म्हाताऱ्यासुद्धा घरांच्या माळवदावर चढतात.

कमिटीची माणसं दुकानात आली ती बाजाराच्या दिवशी. जत्रेचे नारळ दरवर्षी आमच्याच दुकानातून जायचे, त्यामुळं आप्पांनी पोतं आधीच काढून ठेवलं होतं. मी आत डाळ चाळत होतो. गिऱ्हाइकं उभी होती, बायकाही होत्या. कमिटीतल्या एका म्हाताऱ्यानं पोत्यातला नारळ उचलला, कानाशी हलवून बघितला, त्याला हळदकुंकू लावलं आणि दोन्ही हातांनी आप्पांच्या पुढं धरला. "शेठ, मानाची कुस्ती तुमच्या पोराची. महादेवाचा नारळ हाय."

आमच्याकडं नारळ घेतला की कुस्ती धरली. कागद नाही, सही नाही. घेतलेला नारळ परत करता येत नाही, कारण तो माणसाला नाही, देवाला परत केल्यासारखा होतो. हे शेंबड्या पोरालाही माहीत. आणि रीत अशी की तो नारळ वस्तादाच्या हातात द्यायचा. बापाच्या नाही. कमिटीलाही ते माहीत होतं, म्हणूनच ते म्हशीच्या गोठ्यात न जाता दुकानात आले होते.

आप्पांनी इकडं तिकडं बघितलं. सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं. आयुष्यभर माणसं त्यांना म्हणत आली होती, वाण्याचं काळीज. कोणी गुळाच्या ढेपेत बोट घालून बघितलं तरी वर न बघणारा माणूस तो. त्यांनी हात धोतराला पुसले आणि नारळ घेतला. रोज दहा गिऱ्हाइकांचा माल परत घेणाऱ्या माझ्या बापानं परत न करता येणारी एकच वस्तू आयुष्यात घेतली, ती ही.

मला काय झालं असेल? आनंद झाला, दुसरं काय होणार. मी डाळीची चाळणी तशीच टाकून बाहेर आलो आणि आप्पांच्या पायाला हात लावला. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांची छाती मी इतकी फुगलेली कधी बघितली नव्हती.

संध्याकाळी तालमीत गेलो तर वस्ताद हौद्यातली माती खणत होते. बातमी त्यांना लागली होती. मला वाटलं, आता शिव्यांचा पट्टा सुटणार. ते खणत राहिले, मग कुदळ टाकून कठड्यावर बसले आणि मला समोर बसवलं, त्यांना दिसेन असं.

"माजा नारळ माज्या चुलत्यानं घेतलता," ते म्हणाले. "तुज्याच वयाचा होतो. मी बी कधी पडलो नव्हतो. समोरचा गडी तयार. त्यानं ढाकेचा डाव लावला, मी उलटा झालो, पाठ लागायची तेवढी ऱ्हायली. सगळा फड वरडत होता, कमान कर, कमान कर. मी डोकं मातीत रोवलं अन् मानंवर कमान केली. तवर वरून त्याचं सगळं वजन आलं."

"मग?"

"मग काय. पाठ लागू दिली न्हाई. दिवस बुडाला, कुस्ती बरोबरीत सोडली. लोकांनी खांद्यावर घेऊन गावभर हलगी वाजवत मिरवलं. लई मान केला. मी खांद्यावर बसलतो, अन् मला बाजूची माणसं दिसत नव्हती. वळताच येत नव्हतं."

ती बरोबरीची कुस्ती गावातले म्हातारे अजून सांगायचे. मीही लहानपणी ऐकली होती, आमच्या गावच्या पैलवानानं पाठ लागू दिली नाही म्हणून. मान कुठल्या कुस्तीत गेली आणि मिरवणूक कुठल्या कुस्तीची निघाली, या दोन गोष्टी एकच आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"ताप आला म्हन," वस्ताद म्हणाले. "अंगावर पांघरूण घेऊन पड. मी संभाळतो लोकांना."

"आप्पांनी नारळ घेतलाय," मी म्हटलं.

"हां." त्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठत म्हटलं, "मग पडायला शीक."

दुसऱ्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. वस्तादांनी ओळखीपाळखीतले जुने, अंगानं दांडगे पैलवान तालमीत बोलावले आणि त्यांना एकच काम दिलं, मला पाडायचं. मी ज्यांना वर्षानुवर्षं पाडत होतो ती पोरं कठड्यावर बसून बघत होती. ढाक लागायची, मी हवेत उलटा, वस्ताद ओरडायचे, "सोड." मी सोडायचो नाही. कसा सोडणार? ज्याची पाठ कधी मातीला लागली नाही त्याला पाठ लावून घ्यायला सांगायचं म्हणजे वाण्याला माल फुकट वाटायला सांगण्यासारखं. मी मान रोवायचो, आणि वस्ताद धावत येऊन वरच्या गड्याला ढकलून बाजूला करायचे आणि मला थोबाडीत द्यायचे. "कमान वजन यायच्या आदी करायची. वजन आलं की सोड. आलं की सोड. पाठ धुता येती, मान परत बसवता येत न्हाई."

मी संतापायचो. एकदा तर म्हणालो, "मला जिंकायला शिकवा की, हरायला कावून शिकवता?" ते म्हणाले, "जिंकायला तुला दोन वर्सं लागतील. जत्रा उद्यावर आली." खोटं का बोलू, त्या दिवसांत मला त्यांचा राग यायचा. मला वाटायचं, स्वतःचं भ्यायलेलं काळीज हे माझ्यात घालतायत. तरी पाडून घेत राहिलो. हळूहळू अंगाला कळायला लागलं की वजन कधी येतं. ते येण्याच्या किंचित आधी समोरच्याचा श्वास थांबतो.

जत्रेच्या दिवशी टीव्ही खोक्यासकट एका ट्रॉलीवर मांडला होता, वर हार घातला होता. लाउडस्पीकरवर एकजण माझं नाव आणि आप्पांच्या दुकानाचं नाव आळीपाळीनं घेत होता. दिवसभर कुस्त्या चालल्या. आमच्या घरच्या बायका समोरच्या माळवदावर होत्या. आप्पा पुढच्या रांगेत, मांडीवर नवा केशरी फेटा घेऊन बसले होते. जिंकलो की मला बांधायचा म्हणून आंबेजोगाईहून आणलेला. वस्ताद हौद्याच्या कोपऱ्यात उभे होते, अख्खं अंग माझ्याकडं करून.

कड्याचा पैलवान माझ्यापेक्षा फार मोठा दिसत नव्हता. हीच तर गोम असते. खांद्याला खांदा लावला तर आम्ही जवळजवळ सारखे होतो, पंचांनी मान डोलावली. पण हात हातात घेतला तेव्हा मला कळलं की या माणसानं माझ्यासारखी कितीतरी पोरं पाडलीत. त्याचा हात घट्ट नव्हता, सैल होता, त्याला कसलीच घाई नव्हती. हलगी कडाडत होती. मी एकदा पाय धरायला त्याच्या पटात घुसलो, त्यानं मला अलगद बाजूला केलं, म्हणजे दार लोटावं तसं. दुसऱ्यांदा घुसलो तेव्हा थोडा हलला. फडात आरोळी उठली. मला तेवढ्यानं जोर चढला, तिसऱ्यांदा घुसलो, आणि तिथंच तो माझी वाट बघत होता.

ढाक लागली. माझे पाय वर गेले. माळवद, ट्रॉली, टीव्हीवरचा हार, सगळं उलटं दिसलं. "कमान," सगळा फड ओरडला, "कमान कर." त्या गलक्यात मला आप्पांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. तेही कमान म्हणूनच ओरडत होते. माझं डोकं मातीला लागलं, मानेनं सवयीनं जोर धरला, पाठ अजून वर होती. धरून ठेवलं असतं तर कुस्ती बरोबरीत गेली असती कदाचित. मलाही मिरवलं असतं. त्या क्षणी मला खरंच तेच हवं होतं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्या कानाशी त्याचा श्वास थांबला.

मी सोडलं. पाठ मातीला लागली आणि त्याचं सगळं वजन माझ्या छातीवर आलं. चितपट.

हलगी थांबली. फडात हळूहळू कुजबूज सुरू झाली. "पटकन सोडली की बे यानं," कोणीतरी मोठ्यानं म्हणालं. "वाण्याचंच शेवटी." कड्याचा पैलवान मला हात देऊन उठवत होता, पण मला उठायचं नव्हतं. लाज, लाज आणि राग. मी आप्पांकडं बघितलं नाही. हौद्यात बसून राहिलो, मातीनं माखलेला, आणि मनात वस्तादांना शिव्या घालत राहिलो. तुमच्यामुळं, तुमच्यामुळं.

वस्ताद हौद्यात उतरले. माझ्यापुढं गुडघ्यावर बसले, कारण त्यांना खाली बघता येत नव्हतं. दोन बोटं त्यांनी माझ्या मानेच्या मागं ठेवली आणि मणक्यावरून चाचपत खाली नेली. बोटं गार पडली होती.

"इकडं बघ," ते म्हणाले.

मी बघितलं नाही.

"बाळा, इकडं बघ रं एकदा." असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी मान डावीकडं वळवली. "आता तिकडं." उजवीकडं वळवली. "खाली. वर." मी खाली बघितलं, वर बघितलं. त्यांनी दोन्ही हातांनी माझं मातीचं तोंड धरलं आणि सगळ्या गावासमोर तो माणूस रडायला लागला. माझा राग कुठं गेला ते मला आजतागायत सांगता येणार नाही.

मग आप्पा आले. चपला काढून हौद्यात आले. मांडीवरचा केशरी फेटा त्यांच्या हातात होता. मला वाटलं, माझं अंग पुसायला आणला. आप्पा माझ्याकडं न येता वस्तादांच्या मागं जाऊन उभे राहिले. वस्ताद उठले. आप्पांनी फेट्याचं टोक सोडलं आणि त्यांच्या डोक्याला गुंडाळायला लागले.

"शेठ," वस्ताद म्हणाले, "फेटा जिंकणाऱ्याला बांदत असतेत."

आप्पा गुंडाळतच राहिले. बुटके होते ते, आणि वस्तादांना मान खाली घालता येत नव्हती, म्हणून प्रत्येक वेढ्याला त्यांना टाचा उंच कराव्या लागत होत्या. फेटा वेडावाकडा बसत होता. वस्ताद ताठ उभे राहून समोर बघत म्हणाले, "पडलं आता पोरगं. म्होरल्या साली जोड लावा, कुठली बी लावा." कोणीतरी हलगीवर थाप मारली. आजूबाजूला काय चाललंय ते बघायला मी मान वळवली, आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या, आणि ती वळत होती.